तोफेची गोष्ट

अख्खी गल्ली त्यांना स्ट्रेचरकाका म्हणायची. तरुणपणी दर रविवारी ते अ‍ॅम्ब्युलन्सवर फुकट राबायचे आणि तिथून सुटले की हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत स्ट्रेचर ढकलायला हजर. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. पण आयुष्यात सुख कशात होतं असं विचारलं, तर काका याच भाकऱ्यांकडे बोट दाखवायचे.

म्हातारपणी घरी कुणी आलं, की चहा थंड होईपर्यंत त्याच गोष्टी. जिन्याच्या वळणावर अडकलेलं स्ट्रेचर, सायरनपेक्षा मोठ्याने गाणारा ड्रायव्हर आणि सगळ्यांत लाडकी गोष्ट तोफेची. तोफ म्हणजे इमर्जन्सीची हेड सिस्टर. "ती पेशंटवर डागली, की आम्ही निवांत. 'मेल्या, दारू पिऊन गाडी चालवतोस?' असं सुरू झालं की समजायचं, हा वाचला. पण 'बाळा, काही होणार नाही हं' म्हणाली, की आमच्या पोटात गोळा. अहो, वाचणाऱ्यालाच कुणी रागावतं!" एवढं बोलून काका टाळी मागायचे. काकूंना ही गोष्ट इतकी पाठ, की काका श्वास घ्यायला थांबले तर पुढचं वाक्य त्याच म्हणायच्या.

आज स्ट्रेचरवर काकू होत्या.

दुपारी भाजी निवडता निवडता त्या खुर्चीतून घसरल्या. ओठ निळसर, अंग घामाने चिंब. अ‍ॅम्ब्युलन्स आली, काका मागे त्यांच्याजवळ बसले. कितीजणांना उचललेले ते हात, पण आज त्यांना साधा पट्टा आवळता येईना.

"काका, सरका! मावशी, हात हलवू नका म्हटलं ना!" अ‍ॅम्ब्युलन्समधली मुलगी खेकसली. काकांच्या जिवात जीव आला. मग तिने मशीनच्या पडद्याकडे पाहिलं, ड्रायव्हरच्या काचेवर टकटक केलं आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "मावशी, छान आहात हं तुम्ही. नातवंडं किती तुम्हाला?"

हा आवाज काका ओळखत होते. त्यांनी काकूंकडे पाहिलं, तर काकू आधीच त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनाही कळलं होतं. कळणारच, त्यांना ते सांगितलं कुणी होतं? हसत हसत, टाळ्या घेत, यांनीच. काकांना स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली.

काकूंनी मास्क जरासा बाजूला सारला. "अहो, रागवा ना मला."

"काय?"

"रागवा. भीती वाटतेय."

आवाज चढवणं हे खातं त्या घरात कायम काकूंचं. काकांनी घसा खाकरला. "अक्कल गहाण ठेवली होतीस का? काल छातीत दुखत होतं, तर पित्त म्हणून गोळ्या गिळत बसलीस! आणि माळ्यावर चढायला कुणी सांगितलं होतं?" आवाज फाटला. "घरी चल, मग बघतो तुझ्याकडे!"

"आणखी," काकू पुटपुटल्या.

"असं नका बोलू त्यांना," मुलगी म्हणाली आणि तिने हळूच काकांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताने काका जास्तच हादरले. हॉस्पिटलच्या दारापर्यंत ते रागावत राहिले, आणि मग स्ट्रेचर आत गेलं.

या दाराची आतली बाजू त्यांना पाठ होती. बाहेरच्या बाकावर मात्र ते कधी बसलेच नव्हते. वॉचमनने पंखा त्यांच्याकडे वळवला. एका सिस्टरने पाणी आणून दिलं, "घ्या काका," म्हणाली. काकांनी पेला तसाच बाकावर ठेवला. सगळे इतके गोड का वागतायत? समोरच्या भिंतीवरचं ऊन हळूहळू खाली उतरलं आणि गेलं. दर वेळी दार हललं, की काका आधी येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि मग घाबरून जमिनीकडे.

शेवटी एक तरुण डॉक्टर दार ढकलून बाहेर आला. कपाळाला आठ्या.

"त्या आजींचे मिस्टर तुम्ही? कालपासून दुखत होतं आणि आज आणता? बंद पडलेली शीर उघडताना आमच्या नाकी नऊ आले! आणि त्या आत काय म्हणतायत? घरी भाजी तशीच पडलीय म्हणे! उठू देत नाही म्हणून माझ्यावरच डाफरतायत. काही समज आहे की नाही तुम्हा दोघांना?"

काकांनी भिंत धरली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. डॉक्टर बिचारा ओशाळला, त्याचा आवाज नरमला. "अहो काका, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"नको, नको!" काकांनी घाबरून हात जोडले. "रागवा डॉक्टर. आणखी थोडं रागवा."