उद्या फोन कर

पुण्यात आता इतकी विद्यापीठं झाली आहेत, की कुसुम पासलकर नेमक्या कोणत्या विद्यापीठात टेलिफोन ऑपरेटर होती हे सांगून कोणाच्या ज्ञानात भर पडणार नाही. जिन्याखालची खोली तिची. महिनाअखेर ती निवृत्त होणार आणि तिच्यासोबत एक्स्चेंजही बंद होणार होतं. बाई गेली की तिच्या जागी दुसरी बाई येते. इथे झेरॉक्सचं मशीन येणार होतं. हेही तिला शिपायाकडून कळलं.

अशात एके दिवशी संस्कृती आली. जनसंपर्क विभागातली, कंत्राटी, पंचविशीची. विद्यापीठाला पन्नास वर्षं झाली म्हणून फेसबुकवर रोज एक ‘तुम्हाला माहीत आहे का?’ टाकायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं.

“मॅडम, काहीतरी अननोन फॅक्ट सांगा ना. पहिले कुलगुरू सायकलवर यायचे, ते टाकलं. लायब्ररीखाली विहीर आहे, तेही टाकलं. लोक थांबतच नाहीत हो.”

“विहिरीत कोणी पडलं असतं तर थांबले असते,” कुसुम म्हणाली. मग स्टूल पुढे ओढून तिने पोरीला बसवलं आणि निकालाच्या फोनचं सांगितलं.

ही सेवा कुठल्याच परिपत्रकात नव्हती. निकाल फलकावर लागायचा. बाहेरगावचं पोर तो बघायला कुठून येणार? ते एसटीडी बूथवरून विद्यापीठाचा नंबर फिरवायचं आणि फोन यायचा कुसुमकडे. ती सीट नंबर लिहून घ्यायची, दहा मिनिटांनी पुन्हा कर म्हणायची, धावत परीक्षा विभागात जाऊन यादीवर बोट फिरवायची. पास असेल तर सांगून मोकळी. नापास असेल तर विचारायची, सोबत कोण आहे? भाऊ, मित्र, कोणी असलं तर त्याच्या हातात फोन द्यायला लावायची. कोणीच नसलं तर म्हणायची, “तुझा निकाल अजून आला नाही. उद्या घरच्या कोणाला तरी घेऊन फोन कर.” एकट्या पोराला रस्त्यात असं काही ऐकवू नये, एवढंच तिचं शास्त्र. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

संस्कृतीने डोळे पुसले आणि लगोलग मोबाइलवर टाइप करायला घेतलं.

“एक अट आहे. खाली इथला नंबर टाकायचा.”

“पण तो बंद होतोय ना?”

“तीस तारखेला. आज एकवीस आहे.”

नंबर शालूसाठी हवा होता, ते काही कुसुमने सांगितलं नाही. अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये शालूचा स्वारगेटवरून फोन आला होता. एका विषयात गेली होती. “मी एकटीच आहे ताई. खडकवासल्याची बस पकडायचीय.” कुसुमने नेहमीचं सांगितलं, उद्या भावाला घेऊन फोन कर. शालू “बरं ताई” म्हणाली. उद्या तिचा फोन आला नाही. परवाही नाही.

अर्धीअधिक पोरं उलटून फोन करायची नाहीत, त्याचं कुसुमला एरवी काही वाटायचं नाही. पण ते “बरं ताई” फार शहाण्यासारखं होतं. पुढे महिनाभर तिने पेपरातल्या आतल्या पानांवरच्या बारक्या बातम्या वाचल्या. धरणाच्या बातमीत नुसता पाणीसाठा असला, की त्या दिवशी जेवण जायचं. नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. आता तो फोटोत होता. तसंही पूर्वीपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होता अशातला भाग नाही.

पोस्ट गाजली म्हणे. फोन मात्र दोनच आले, दोन्ही हॉस्टेलच्या प्रवेशासाठी. अठ्ठावीस तारखेला दुपारी तिसरा आला.

“‘उद्या’वाल्या बाई का?”

“कोण बोलतंय आपण?”

“संपत. वारज्यात नळाच्या सामानाचं दुकान हाय आपलं. दोनदा गचकलो होतो बघा. दोन्ही वेळा तुम्ही उद्या म्हणालात.”

“मग दुसऱ्या दिवशी फोन का नाही केलात?”

“कशाला करायचा?” तो हसला. “उद्या म्हणजे गेला, हे समद्यांना माहीत होतं की. पासवाल्याला तुम्ही लगेच सांगायचा. बूथवर लाइन असायची, एखाद्याचं तोंड उतरलं की मागचे म्हणायचे, ह्याला उद्या मिळाला.”

“काही जण करायचे फोन.”

“ते नवीन असणार.”

कुसुमने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. त्या कानालाही तेच ऐकू आलं असतं. सत्तावीस वर्षं तिची समजूत, की आपण त्या पोरीला एक रात्र तरी दिली. प्रत्यक्षात तिने स्वारगेटच्या गर्दीत एकट्या पोरीला नापास सांगितलं होतं आणि वर फोन ठेवून दिला होता.

मग तिने संपतला शालूचं सगळं सांगितलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं; सांगायला तीन मिनिटंही लागली नाहीत.

“घरी गेली असंल वो ती,” तो म्हणाला. “आम्ही नाही का गेलो?”

“सगळेच जात नाहीत.”

“नाही. ते मी कसं सांगू?”

खोटं धीराचं काही बोलला नाही, हे तिला बरं वाटलं.

“मी काय म्हणायला हवं होतं, संपतराव?”

“नापास म्हणायचं. आन् लगेच फोन ठेवायचा नाही.”

“एवढंच?”

“आणखी काय पाहिजे होतं आम्हाला?”

त्याच्या मागे कोणीतरी पाऊण इंची एल्बो मागत होतं. “गिऱ्हाईक आलं. ठेवू का बाई?”

“नका ठेवू. गिऱ्हाईक बघा तुम्ही. मी आहे.”

काउंटरवर मोबाइल ठेवल्याचा आवाज झाला. खोके सरकले. गिऱ्हाईक म्हणालं हा पितळी नाही, संपत म्हणाला पितळीचाच बाप आहे, चाळीस वर्षं हलायचा नाही. समोरच्या बोर्डवर कुलसचिवांच्या केबिनचा दिवा लुकलुकायला लागला. कुसुमने त्याच्याकडे पाहिलं आणि लुकलुकू दिला.

“हाय का बाई?”

“आहे,” ती म्हणाली.