न हललेला दात

…प्लास्टरच्या जबड्याची एक कड उडालेली, पण समोरचे दात शाबूत, आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत दंतवैद्य सिक्स्टेनच्या करंगळीचं टोक अजून नेमकं बसतं. तळाला त्याचंच अक्षर: इल्वा, सतरा, नोव्हेंबर.

खुर्चीत इल्वा, सदतीस. तिच्या जबड्यातल्या टायटॅनियमच्या स्क्रूची, त्यावरच्या दाताची आज विसाव्या वर्षाची तपासणी. सकाळपासूनची अकरावी. तीनला कॉफी.

हिरडीतून रक्त — नाही. स्क्रू हलतो — नाही. धूम्रपान — नाही. हाड — स्क्रूच्या पहिल्या आट्यापर्यंत घट्ट. असा तक्ता क्वचितच जमतो. शेवटचा चौकोन: यशस्वी. पेन तिथं टेकलं, थांबलं. दात शेजारच्यापेक्षा दीड मिलिमीटर आखूड दिसत होता, आणि त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

"म्हातारा झालास रे," त्यानं हात काढताच ती म्हणाली.

"आणि तू?"

"मीही झाले. तुझा दात तेवढा नाही झाला." हसली — ओठ मिटून. "फोटोत अशीच हसते. लोकांना वाटतं, काय तोरा आहे! खरं सांग, माझंच काही चुकलं ना? झोपेत दात खाते मी. माझा नवरा मातियास म्हणतो, शेजारी गिरणी लावून झोपल्यासारखं वाटतं."

"दात खाल्ल्यानं…" त्यानं सुरुवात केली. पुढचं वाक्य तोंडपाठ होतं, हजारदा म्हटलेलं. म्हटलं की ती मान डोलावेल, तो चौकोनात खूण करेल, कॉफी — पण हातात अजून तो प्लास्टरचा जबडा, आणि त्या मोकळ्या जागेतून ती सतरा वर्षांची पोरगी बघत होती, बर्फावर आपटून दात गेलेली, तीन वर्षं काढघाल करायची खोट्या दाताची प्लेट लावणारी, जी शिंक आली की वहीवर पडायची. थांब, वाढ पुरती होऊ दे, असं तो म्हणाला होता, दोनदा म्हणाला होता, आणि ती रडली होती — जूनमध्ये शाळा संपणार, पांढरी टोपी घालून सगळी पोरं एकदम दारातून बाहेर धावणार, फोटो निघणार, आणि मी प्लेट सांभाळत धावू? उंची तर थांबलीय माझी! उंची खरंच थांबली होती. तेवढं त्याला पुरलं. की पुरवून घेतलं… जूनमध्ये तिनं फोटो पाठवला. सगळे दात दाखवून ओरडणारी. तो फोटो कितीतरी वर्षं त्याच्या टेबलावर होता.

"नाही," तो म्हणाला. "तुझं काही चुकलं नाही. हा दात हललाच नाही. हाडाला चिकटला, तिथंच राहिला. चेहरा वाढत राहिला, बाकीचे दात त्याच्याबरोबर खाली आले."

"अजून? या वयात?"

"अगदी थोडा. पण हो."

तिनं चूळ भरली. पेला सावकाश ठेवला.

"म्हणजे तेव्हा थांबायला हवं होतं."

"हो. आणि तुला थांबवायचं काम माझं होतं."

बाहेरून नर्स सोलवेगची हाक आली — कॉफी गार होतेय! तो उठला नाही. इल्वानं त्याच्या हातातून जबडा घेतला, मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं. ओठाआड तिची जीभ त्या दातावर गेलेली त्याला दिसली. ती चिडली तर बरं होईल, असं त्याला वाटलं — आणि लगेच, नको… आणि मग, चिडू दे.