हिरव्या दिव्याचं दूध

मानवजातीने आधी आग शोधली, मग चाक आणि त्यानंतर थेट रेडिओ टॅग. मधल्या काळात सांगण्यासारखं काही घडलं नाही, असं ऋषिकेशने कडावच्या दूध केंद्रावर जाहीर केलं. ऐकायला सात शेतकरी आणि एक म्हैस होती. शेतकरी एकेक करून निघाले. म्हैस शेवटपर्यंत थांबली, कारण ती बांधलेली होती.

ऋषिकेश कर्जतचा. कुंभिवलीच्या एका खासगी डेअरीत पुरवठा साखळीचा अधिकारी. लोक निघायच्या आधी योजना त्याने सोप्या भाषेत सांगितली. प्रत्येक गोठ्याला स्टीलचा एक कॅन मिळणार. कॅनच्या मानेवर, झाकणाच्या जरा खाली, बिस्किटाएवढा टॅग चिकटवलेला असणार. कुंभिवलीला कॅन पट्ट्यावरून कमानीखाली गेला की कमान तो टॅग वाचणार आणि दूध कुणाचं ते पडद्यावर उमटणार. हिरवा दिवा लागला तर दूध टाकीत, लाल लागला तर मोरीत.

"वीस दिवस सलग हिरवा लागला की तुमचं दूध तपासणारसुद्धा नाही आम्ही," ऋषिकेश म्हणाला. "एवढा विश्वास. आणि तीनदा लाल लागला की नाव कमी."

सातांतल्या अंबाबाईने एकच शंका काढली. "घासताना निघल का हो ह्यो?"

"घासायचा कशाला, मावशी?"

सगळे हसले. अंबाबाई हसली नाही. तिला वाटलं, साहेबांना कामाचा ताण असेल.

तिच्या घरी दुधाचं भांडं चुलीतल्या राखेने आणि नारळाच्या काथ्याने घासतात, आतून, बाहेरून आणि मानेला जरा जास्तच. मग कढत पाणी, मग उन्हात उपडं. तिसऱ्या दिवशी टॅग राखेबरोबर उकिरड्यावर गेला. कुंभिवलीला लाल दिवा लागला. नवा टॅग आठवड्याने आला, तोवर दूध घरीच; तो चार दिवस टिकला. पुन्हा लाल. दोन्ही वेळा टेंपोवाल्याने येऊन सांगितलं, "मावशी, मोरी पांढरीफेक झालती." त्या दोन्ही दिवशी अंबाबाई जेवली नाही. दूध सांडलं तर ती पायाखाली येऊ देत नसे, आणि हे तर कुणी मुद्दाम ओतलेलं.

तिसरा टॅग आणखी आठवड्याने आला, तो तिने चिकटवलाच नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुतळीने कॅनच्या मानेला बांधला. घासायच्या वेळी सोडायचा, मग परत बांधायचा. आज लाल लागला तर नाव जाणार होतं, म्हणून ती स्वतःच टेंपोत बसली.

शेजारी त्याच सातांतला किशोर आणि त्याचा कॅन. किशोर आज्ञाधारक माणूस. टॅग जपा म्हटल्यापासून त्याने कॅनच्या मानेला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता.

"एकवीस दिवस हिरवा हाय माजा," तो म्हणाला. "मी हातच लावत नाय त्याला."

"ते कळतंय रं," अंबाबाई नाकाला पदर लावत म्हणाली. "कर्जतपासनं कळतंय."

कुंभिवलीला त्या दिवशी मुंबईच्या ऑफिसातून नम्रता मॅडम पाहणीला आल्या होत्या. पट्टा सुरू झाला. किशोरचा कॅन कमानीखालून गेला आणि हिरवा दिवा लागला. पडद्यावर अक्षरं आली: उत्कृष्ट, तपासणीची गरज नाही.

"झाकान उगडून तर बघा," अंबाबाई म्हणाली.

"तशी पद्धत नाही, मावशी," ऋषिकेश म्हणाला.

पद्धत नव्हती म्हणून अंबाबाईनेच उघडलं. मानेवर आतून-बाहेरून एकवीस दिवसांची साय थरावर थर चढली होती. खालचा थर पिवळा, वरचा हिरवट. त्यात माश्या रुतल्या होत्या आणि त्यातली एक अजून निघायची खटपट करत होती. या सगळ्याच्या मधोमध टॅग मात्र चकचकीत. किशोर तो रोज फडक्याने पुसत असे.

मॅडम दोन पावलं मागे सरकल्या. ओढणी नाकाला लावून त्यांनी पडद्याकडे नीट पाहिलं.

"डेटा तर छान आहे," त्या म्हणाल्या.

दूध टाकीत गेलं. टाकीत आधीच अकराशे लिटर होतं. आता ते सगळंच उत्कृष्ट झालं.

मग अंबाबाईचा कॅन आला. आरशासारखा. हिरवा दिवा लागलासुद्धा. तिने सोडलेला श्वास अजून पुरता बाहेर पडला नव्हता, तोच ऋषिकेशला सुतळी दिसली.

"हे काय?"

"तुमचा ट्याग. घासताना सोडते."

"सुटा टॅग चालत नाही. उद्या तुम्ही तो दुसऱ्याच कॅनला बांधाल."

"माज्याकडं येकच कॅन हाय."

"प्रश्न तुमचा नाही, यंत्रणेवरच्या विश्वासाचा आहे," असं म्हणत ऋषिकेशने मॅडमकडे पाहिलं आणि हाताने लाल बटण दाबलं. पडद्यावरून अंबाबाईचं नाव गेलं. एक माणूस कॅन मोरीकडे न्यायला पुढे आला. अंबाबाईने दोन्ही हातांनी कॅनची कडी धरली.

"नाव घ्या तुमी," ती म्हणाली. "दूद नाय देनार. मोरीत वतायला म्हस नाय पाळली मी."

मॅडमना कार्यालयातल्या थंड खोलीत बसवलं गेलं. किशोर खाली मान घालून तिचा कॅन टेंपोत चढवू लागला. तेवढ्यात मागून ऋषिकेश आला. एका हातात स्टीलचं पातेलं, नजर कार्यालयाच्या काचेकडे.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "मॅडमना चहा द्यायचाय. यातलं अर्धा लिटर ओता ना."