चाखलेलं धरायचं नसतं

आचारीबुवांनी एकतीस वर्षं एका कारखान्याच्या कँटीनमध्ये सातशे माणसांचा स्वयंपाक केला, आणि त्या एकतीस वर्षांत दुपारी दोनच्या आधी ते कधी जेवले नाहीत. निदान ते तसं सांगत. "सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही," असं म्हणत ते बाकावर टेकत आणि हाताखालची माणसं गालातल्या गालात हसत. कारण तोवर बुवांनी चाळीस वेळा तरी पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाटलेला असे. पण ते खाणं नव्हे, ते काम. चाखलेलं धरायचं नसतं, हा त्या भटारखान्याचा कायदाच होता. डॉक्टरांनी तिखट बंद केलेला एक मदतनीस रोज चार पातेल्यांतले रस्से चाखायचा आणि आपण कडक पथ्य पाळतो म्हणून छातीठोकपणे सांगायचा. त्यात त्याला काही खोटं वाटत नसे, आणि बुवांनाही वाटत नसे.

नोकरी संपली, बायको आधीच गेलेली, तेव्हा बुवा लेकीकडे राहायला आले आणि आल्या आल्या त्यांनी तिच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. लेक नकाशे काढणाऱ्या कचेरीत होती, जावई इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघं दमून यायची आणि गरम गरम ताट समोर यायचं, मग तक्रार कोण करतंय! पुढे नात झाली. जन्मली तीच गुबगुबीत. बुवांनी तिला ठमी म्हणायला सुरुवात केली आणि तिचं खरं नाव फक्त लसीच्या कार्डावर उरलं.

लेक पुन्हा कामावर जाऊ लागली तेव्हा ठमी दिवसभर बुवांकडे असे. साडेपाचला लेक घरी यायची, चपला काढायची, हातपाय धुवायची आणि थेट पलंगाच्या कडेला बसून ठमीला अंगावर घ्यायची. तो अर्धा तास दोघींचा. दारावर कोणी आलं तरी त्यांना हाक मारायची नाही, असा घरात दंडक होता. "दोन वर्षं तरी पाजणार मी," लेक सांगायची, "पुढे ती सोडेल तेव्हा सोडेल." कचेरीत दिवसभर रेघा मारताना तिचं अर्धं लक्ष त्या साडेपाचकडे असायचं, हे ती स्वतःच कबूल करायची.

ठमी वर्षाची झाली आणि तिच्या अंगावर गांधी उठायला लागल्या. आधी ओठांभोवती लाल चट्टे, मग मानेवर, पाठीवर. रोज नाही. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, आणि नेमकं रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठल्यातरी अन्नाची ॲलर्जी दिसते. त्यांनी वही घालायला सांगितली. काय खाल्लं, कधी, किती आणि त्यानंतर काय झालं, सगळं लिहायचं. मग एकेक पदार्थ काढून बघू.

नकाशे काढणाऱ्या बाईला वही घालायला सांगितल्यावर ती कशी होणार? लेकीनं पट्टी घेऊन रकाने आखले. वेळ, पदार्थ, किती चमचे, कोणी भरवलं, चट्टे आले का, आले तर कुठे. रोज संध्याकाळी ती पेन उघडून विचारायची, "बाबा, आज काय काय दिलंत?"

"सकाळी मऊ भात. मग अर्धं केळं. दुपारी भोपळा, सहा चमचे. सातव्याला तोंड फिरवलंन."

"आणखी काही? बिस्किट वगैरे?"

"नाही गं. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

विश्वास होताच. आणि बुवा खोटं बोलतही नव्हते. ठमीचं पातेलं त्यांनी वेगळं ठेवलं होतं, चमचा वेगळा, वाटी वेगळी. त्या वहीत त्यांच्याकडून अर्ध्या केळ्याचीही चूक झाली नाही.

फक्त संध्याकाळी सातला ते मोठ्यांची भाजी करायला उभे राहत तेव्हा ठमी त्यांच्या पायजम्याला धरून उभी राही. बुवा पळीतला थेंब तळहातावर घेत, चाटत, डोळे मिटून विचार करत, आणि उरलेला थेंब करंगळीवर घेऊन खाली नेत. ठमीचं तोंड उघडलेलंच असे. "काय म्हणता मोठेसाहेब, मीठ पुरे?" ठमी मिटक्या मारी. "पुरे म्हणतात साहेब!" असं ओरडून बुवा झाकण ठेवत. एकतीस वर्षं ज्यांनी सातशे जणांची बोलणी खाल्ली, त्या माणसाला असा साहेब कधी मिळाला नव्हता. दिवसातला सगळ्यात आवडता क्षण कुठला असं कोणी विचारलं असतं, तर त्यांनी हाच सांगितला असता. कोणी विचारलं नाही. वहीत त्याला रकाना नव्हता.

आठवड्यातून दोनतीनदा बुवा रस्सा दाट करायला त्यात काजू वाटून घालत. कँटीनमध्ये हा प्रकार फक्त वरच्या साहेबांच्या टेबलासाठी व्हायचा. लेकीसाठी आणि जावयासाठी करताना हात कशाला आखडायचा, असं त्यांचं म्हणणं होतं.

डॉक्टरीणबाईंनी आधी अंडं बंद केलं. चट्टे आले. मग गहू बंद. चट्टे आले. मग गाईचं दूध आणि दुधाचं सगळं. ठमीला बंद म्हणजे लेकीलाही बंद, कारण आईच्या खाण्यातलं थोडंफार तिच्या दुधातून लेकराला जातं. एकेका गोष्टीसाठी महिना महिना गेला. लेक डब्यात नुसता भात आणि उकडलेल्या भाज्या न्यायची. तिच्या गळ्याची हाडं वर आली. ठमीही आता नावापुरतीच ठमी राहिली होती. तिचं वजन चार महिन्यांत पावशेरानंही वाढलं नव्हतं, आणि तरी तिसऱ्या दिवशी ओठ लाल.

अशाच एका संध्याकाळी ठमीच्या पाठीला औषध लावता लावता लेक रडायला लागली. "आता काय काढू? काढायला राहिलंय काय?"

बुवा खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, "एक राहिलंय, पोरी."

तिला समजायला वेळ लागला नाही. "डॉक्टर म्हणाल्या, अंगावरचं तोडायची गरज नाही. दोनदा म्हणाल्या."

"त्या म्हणणारच. पण चार महिने झाले ना? कँटीनमध्ये कोणाला जेवण बाधलं की आम्ही एकेक जिन्नस काढत जायचो. सगळं निर्दोष निघालं की शेवटी जो उरतो तोच गुन्हेगार. यात चूक होत नाही."

जावई म्हणाला, "घाई नको करायला." पण त्याच्या आवाजात जोर नव्हता, आणि बुवांच्या आवाजात एकतीस वर्षांचा जोर होता. लेकीनं दुसऱ्या दिवसापासून पाजणं बंद केलं.

आठ संध्याकाळी ठमीनं घर डोक्यावर घेतलं. आई दिसली की तिच्या गळ्याशी हात घालायची, कुर्त्याचं बटण ओढायची, आणि आई हात बाजूला करायची. मग बुवा तिला खांद्यावर टाकून खाली अंगणात फेऱ्या मारत. वर आले की न्हाणीघराचं दार आतून लावलेलं असे, नळ सुरू असे, आणि आवाजावरून कळे की नळाखाली बादली नाही. नवव्या दिवशी ठमीनं पेल्यानं पाणी प्यायलं, भात खाल्ला आणि चेंडू मागितला.

त्याच आठवड्यात बुवांच्या दोन दाढा काढल्या. गाल टम्म सुजला, शेगडीजवळ उभं राहवेना, तिखटाचा वासही सोसवेना. जावयानं जमेल तसं उकडून घातलं. पुढे दुसऱ्या बाजूची एक दाढ निघाली, म्हणजे आणखी दहा दिवस गेले. आणि या सगळ्या दिवसांत ठमीच्या अंगावर एक ठिपका उठला नाही. वहीचा शेवटचा रकाना कोरा. लेकीनं पानं पुन्हा पुन्हा उलटून बघितली. "माझंच दूध होतं तर," ती म्हणाली. हसून म्हणाली, आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली. बुवांना तिचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण सुजल्या गालानं ते मनातल्या मनात असंही म्हणाले, की बघा, म्हातारा बरोबर बोलला. पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची.

गाल उतरला तसे बुवा पुन्हा शेगडीपाशी उभे राहिले. इतक्या दिवसांचं उकडलेलं अन्न धुऊन काढायचं म्हणून त्यांनी घसघशीत काजू वाटले. ठमी पायजम्याला येऊन बिलगली. साहेबांनी मीठ पुरे म्हटलं, एकदा सोडून तीनदा म्हटलं, कारण इतक्या दिवसांनी साहेब कामावर आले होते.

पंधरा मिनिटांत तिचा ओठ सुजला. मग डोळे. रडायला तोंड उघडलं तर आवाज घोगरा, आणि छातीतून शीळ यायला लागली. जावयानं तिला उचललं आणि तिघं अनवाणीच जिन्यावरून धावली. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं शीळ थांबली, ठमी आईच्या खांद्यावर घामानं भिजून पडून राहिली, तेव्हा कुठे कोणी खाली बसलं.

तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "गेल्या अर्ध्या तासात काय खाल्लं?"

"काही नाही," लेक म्हणाली. "तिचं जेवण व्हायचं होतं. बाबांपाशी होती, स्वयंपाकघरात."

"मी काही दिलेलं नाही," बुवा म्हणाले. "लेकराची शपथ."

डॉक्टर चिडला नाही. म्हणाला, "बरं आजोबा, गॅस पेटवल्यापासून काय काय केलंत, मला करून दाखवा. नुसतं सांगू नका."

बुवा उभे राहिले. त्यांनी हवेतच पातेलं ठेवलं, फोडणी दिली, वाटण घातलं, ढवळलं. हात सरावाचे होते, डोक्याला विचारायची त्यांना गरज नव्हती. पळी उचलली. तळहातावर थेंब. चाटला. मग करंगळी पुढे झाली, वाकली आणि खाली गेली, बरोबर गुडघ्याच्या वर, ठमीच्या तोंडाच्या उंचीवर, आणि तिथेच थांबली.

बुवा स्वतःच्या करंगळीकडे बघत उभे राहिले.

"वाटण कशाचं होतं?" डॉक्टरनं विचारलं.

"काजूचं," बुवा म्हणाले. आणि त्यांनी करंगळी मुठीत मिटून घेतली.

"रोज चाटवायचात?" लेकीनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"चव बघायला गं. नखाएवढं. ते खाणं नसतं..." लेकीनं ओरडावं, चारचौघांत वाटेल ते बोलावं असं त्यांना फार वाटलं. ती ठमीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जावई म्हणाला, "जाऊ द्या बाबा, कळलं ना आता," आणि ते चांगुलपणाचं बोलणं बुवांना शिवीपेक्षा लागलं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी ठमीच्या पाठीवर ओळीनं थेंब टाकून बारीक टोचून बघितलं. पंधरा मिनिटं सगळे त्या इवल्या पाठीकडे बघत बसले. दूध सपाट. अंडं सपाट. गहू सपाट. काजूच्या जागी टपोरी गांध उठली.

"काजू जन्मात द्यायचा नाही असं समजून चाला," बाई म्हणाल्या. "बाकी सगळं हळूहळू सुरू करा. तिलाही आणि तुम्हालाही."

"आणि माझं दूध?" लेकीनं विचारलं.

"तुमच्या दुधात कधीच काही नव्हतं."

"परत येईल?"

"दीड महिना झाला ना? लावून बघा. कधी कधी येतं."

घरी आल्यावर बुवांनी काजूचा डबा बाहेर नेऊन टाकला, वरवंटा तीनदा धुतला, शेगडी पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. लेक आतल्या खोलीत गेली होती. दार लोटलेलं नव्हतं. बुवांना पडद्याच्या फटीतून तिची पाठ तेवढी दिसली. पलंगाच्या कडेला बसून तिनं ठमीला मांडीवर आडवं घेतलं होतं आणि ती मान खाली घालून हलक्या आवाजात काहीतरी बोलत होती. बुवा बघायचं नाही म्हणून वळले, पण त्यांचे पाय तिथून हलले नाहीत.

आतून ठमीचं हसणं ऐकू आलं. नव्या खेळाला हसतात तसं. आईच्या छातीवर तिनं दोनदा थाप मारली, मग उठून बसली, आईच्या कुर्त्याची उघडी कड दोन्ही हातांनी नीट ओढून घेतली आणि पलंगावरून पाय सोडत खाली उतरली. चेंडू कपाटाखाली गेला होता, तो काढायला ती पालथी पडली.

लेकीनं कुर्त्याचं बटण लावलं. मग ती पाठमोरीच म्हणाली, "बाबा, तिला काही आठवतच नाही हो."