होयबा तोतया

"जुनी आवृत्ती परत टाका, ताई. सगळ्या टेस्ट हिरव्या होतील, पाच वाजता पंप रवाना होतील. उगाच राईचा पर्वत नको."

साहेब तिच्या खुर्चीमागे उभे होते. पडद्यावर सत्तेचाळीस लाल ओळी होत्या, एकेक ओळ म्हणजे एक नापास टेस्ट. टेस्टिंगच्या साधनाची नवी आवृत्ती तिनेच सकाळी हौसेने बसवली होती.

रुग्णाच्या शिरेत थेंबथेंब औषध सोडणाऱ्या पंपाचा प्रोग्रॅम हे लोक लिहीत. दर टेस्टला खरा पंप कोण जोडत बसणार? म्हणून प्रोग्रॅमसमोर पंपाचा तोतया उभा करायचा. जुन्या आवृत्तीतला तोतया पक्का होयबा, काहीही विचारा, मान डोलवायचा. नवा मात्र खऱ्या पंपाच्या आज्ञांची यादी घेऊनच बसतो आणि यादीत नसलेलं विचारलं की सरळ नाही म्हणतो.

"साहेब, चार वाजेपर्यंत द्या. एकेक बघते."

"एकोणीस वर्षांत तुमची एक चूक निघाली नाही. आता कशाला शोधताय?"

त्याबद्दल मिळालेला मग तिच्या टेबलावर होता. 'शून्य चूक' असं त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं. तिने त्यात कधी चहा घेतला नाही, अक्षरं जातील म्हणून. पेनं ठेवायची.

डबा तसाच राहिला. सेहेचाळीस ओळी किरकोळ निघाल्या, कुठे नाव बदललेलं, कुठे क्रम. सत्तेचाळिसावी उघडली आणि ती तिने पुन्हा पहिल्यापासून वाचली. नळी तुंबली तर भोंगा वाजतो का, याची ती टेस्ट. आज पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्या नव्या पंपाला दोन नळ्या होत्या. दाब विचारताना कोणत्या नळीचा, हे सांगावं लागे. प्रोग्रॅम ते सांगतच नव्हता, म्हणजे खऱ्या पंपाकडून उत्तरच येणार नव्हतं. होयबा तोतया मात्र आठ महिने 'हो, दाब वाढलाय' म्हणून टेस्ट पास करत होता, आणि टेस्ट लिहिणारी म्हणून नाव तिचंच होतं.

पुसून टाकावी ही ओळ, असं तिला वाटलं. अगदी स्पष्ट वाटलं. कोणाला कळलं असतं?

ती उठली. कपाटातून खरा पंप काढला, पाण्याची पिशवी टांगली, नळी लावली आणि साहेबांना बोलावलं.

"अर्ध्या मिनिटात भोंगा वाजायला हवा," म्हणत तिने नळी बोटांत घट्ट दाबली.

भिंतीवरचा काटा सरकत राहिला. अर्धं मिनिट झालं, एक झालं. पंपाचा हिरवा दिवा तसाच शांतपणे लागलेला. तिची बोटं पांढरी पडली. साहेबांचा फोन वाजायला लागला, त्यांनी तो न बघताच बंद केला.

"वाजत नाहीये," ते हळूच म्हणाले.

"नाही वाजणार."

"कोणी केलं हे?"

"टेस्ट माझी आहे, साहेब. खरा पंप एकदा तरी लावून बघायला हवा होता. मी तोतयाच्या भरवशावर राहिले."

साहेबांनी तोंडावरून हात फिरवला. "वरती काय सांगू? तुमचं नाव..."

"घाला की. माझंच आहे."

ते खाली बसले, पुन्हा उठले आणि पाच वाजता जाणारे पंप थांबवायला सांगण्यासाठी गोदामाकडे धावत गेले.

आता बोटं सोडायला हरकत नव्हती. तिने ती सोडली तसं तुंबलेलं पाणी टेबलावर, कागदांवर पडायला लागलं. तिने आजूबाजूला बघितलं. सोनेरी अक्षरांच्या मगातली पेनं काढून ठेवली आणि तोच नळीखाली सरकवला.