पुडीवरचा नवरदेव

"शेंगदाणे कशात आणले?" नंदाबाईंनी पलंगावरून विचारलं.

बद्रीनाथ मिस्त्री बाजाराची पिशवी ओट्यावर रिकामी करत होते. "प्लास्टिकच्या पन्नीत. गाठ बी पक्की मारून घेतली. एक दाना सांडला न्हाई."

"अन् फुटाणे?"

"ते बी पन्नीत. किराणा दुकानातून घेतले. काहून?"

"काही न्हाई," म्हणून नंदाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मिस्त्री बुचकळ्यात पडले. वांगी बिनकिडीची होती, मेथी कोवळी होती. आष्टीच्या आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. मोटार कुठे अडलीय ते त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. बायको कुठे अडलीय, ते मात्र कळेना.

दोन महिन्यांपूर्वी नंदाबाई अंगणात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. जालन्याला ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून त्या उंबऱ्यापर्यंत जायच्या, तिथून माघारी. आठवडी बाजाराच्या गर्दीत यापुढे पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून घर गप्प झालं होतं. तशा त्या घरात आधीही फारशा हसत नसत. सासूच्या राज्यात सुनेने दात दाखवायचे नाहीत असा कायदा होता. सासू कधीच गेली, कायदा मात्र रद्द करायचा राहून गेला. पण बाजारातून आल्यावर नंदाबाईंचा चेहरा टवटवीत असायचा, संध्याकाळी भाकरी थापताना त्या गुणगुणायच्या, एवढं मिस्त्रींना आठवत होतं. ते कधी बाजारात सोबत हिंडले नव्हते. बायकोने पिशव्या धराव्यात आणि आपण टपरीवर चहा घेत बसावं, असा त्यांचा बाजार.

पुढच्या बाजारी ते पुन्हा किराणा दुकानाकडे निघाले, तर कडुलिंबाखालून हाक आली. तिथे कौसाबाई शेंगदाणे-फुटाणे विकायला बसायच्या.

"ओ मिस्तरी! नंदाबाई कशी हाय? अन् त्या नवरदेवाचं काय झालं?"

"कोणत्या नवरदेवाचं?"

"घ्या! घरात तुमाला काही सांगत न्हाई का?"

मग कौसाबाईंनी सगळं सांगितलं. त्या पुड्या बांधतात जुन्या वर्तमानपत्राच्या कागदात. नंदाबाई इथेच लिंबाच्या बुंध्याशी उभ्या राहून पुडीवर छापलेलं मोठ्यानं वाचायच्या. कागद फाटका, बातमी अर्धीच असायची. जिथे कागद संपेल तिथून पुढचं नंदाबाई स्वतःच्या मनानं सांगायच्या. भोवती बायका जमायच्या, भाजीवाल्या भाजी सोडून यायच्या.

"ती पडली त्याच्या आधीच्या बाजारी नवरदेवाची बातमी निघाली. वरातीत घोडा उधळला न् त्याला घेऊन पळाला. म्होरं कागद फाटला. म्हणली, पुढच्या बाजारी सांगते. मंग आलीच न्हाई." कौसाबाईंनी सुस्कारा सोडला. "लई हसवती ओ तुमची मालकीन. अन् सोता त्याच्याहून हसती."

आपल्या बायकोचं हसू अख्ख्या बाजाराला ठाऊक आणि आपल्यालाच नाही, याचं मिस्त्रींना फार वाईट वाटलं. थोडा रागही आला. कोणावर, ते त्यांना सांगता आलं नसतं.

रोग सापडला, आता औषध सोपं होतं. ते तडक स्टँडवर गेले आणि त्या दिवसाचं कोरं करकरीत वर्तमानपत्र विकत घेऊन घरी आले.

"घे. फाटकं-तुटकं न्हाई. सगळी पानं हायत बराबर."

नंदाबाईंनी चष्मा लावून एक-दोन पानं उलटली आणि घडी घालून बाजूला ठेवलं. "यात तर सगळंच छापलंय."

"मंग?"

"मंग मी काय करू?"

मिस्त्री हिरमुसून खाली बसले. थोड्या वेळाने सहज बोलल्यासारखे म्हणाले, "कौसाबाई त्या नवरदेवाचं इचारून राह्यली."

नंदाबाईंची मान गर्रकन वळली. "इचारलं तिनं?"

"हां. काय झालं मंग त्याचं?"

नंदाबाई उशीला टेकून उठून बसल्या. "काय व्हायचं! घोडा सवयीचा. काल ज्या मांडवात गेल्ता तिथंच आज घेऊन गेला. तिथले लोक खुर्च्या उचलू राह्यले. याला पाहून म्हणले, 'आरं बापा, कालच तर लगीन लावून दिलं. आज पुन्हा कसा आला?'"

सांगता सांगताच त्यांना हसू फुटलं. सवयीने त्यांनी पदर तोंडावर दाबला.

"पदर काढ," मिस्त्री म्हणाले. "आई न्हाई आता."

नंदाबाईंनी दाराकडे एकदा पाहून घेतलं. मग पदर सोडून अशा हसल्या की शेजारची शेळी ओरडली. आपण एवढी वर्षं टपरीवर बसून काय गमावलं, ते मिस्त्रींना तेव्हा कळलं.

"तेवढं कौसाबाईला सांगता का?" डोळे पुसत नंदाबाईंनी विचारलं.

"मी? बायकांत? मला न्हाई जमत."

"ऱ्हाऊ द्या मंग." त्यांची मान पुन्हा भिंतीकडे वळू लागली.

"सांगतो की!" मिस्त्री घाईघाईने म्हणाले.

बाजाराच्या दिवशी वाटभर पाठ करत ते कडुलिंबाशी पोहोचले. कौसाबाईंनी बायका गोळा केल्या. मिस्त्रींनी ग्रामपंचायतीची नोटीस वाचावी तशी सुरुवात केली. घोडा उधळला. घोडा पळाला. घोडा मांडवात गेला. आणि पुढचं बिलकुल आठवेना.

"मंग?" कौसाबाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी खाकरून घेतलं. खाली आपल्या हातांकडे पाहिलं. "मंग... तिथली पान्याची मोटार बंद होती. नवरदेव होता मिस्तरी. त्यानं फेटा काढून ठेवला, बाह्या सारल्या न् लागला मोटारीला. तिकडं मुहूर्ताची येळ झाली. माघारी आला तव्हा कोपरापर्यंत काळा. अंतरपाट धरला, तर पलीकडून नवरी हळूच म्हनती कशी, 'पहिले हात धुऊन या.'"

बायका खो-खो हसल्या. एका भाजीवालीला ठसकाच लागला. मिस्त्री लाजून पिशवी सावरत उभे राहिले, पण लगेच निघावंसं त्यांना वाटलं नाही.

घरी नंदाबाई वॉकर धरून उंबऱ्यात वाट बघत होत्या.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"हसल्या का?"

"लई हसल्या."

"कुठं हसल्या? 'आज पुन्हा कसा आला' तिथं ना?"

मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली. "तिथवर मी गेलोच न्हाई. इसरलो. 'पहिले हात धुऊन या,' तिथं हसल्या."

नंदाबाईंची नजर मिस्त्रींच्या हातांवर गेली. त्यांच्या लग्नात माहेरच्या विहिरीवरची मोटार ऐन वेळी बंद पडली होती. अंतरपाटाच्या कडेतून त्यांना आधी दिसले ते नवऱ्याचे काळे हात, चेहरा नंतर दिसला. जन्मात त्या नवऱ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते हेच शब्द. नंतर त्यावर दोघांत कधी विषय निघाला नव्हता. त्यांना वाटायचं, मिस्त्री ते विसरून गेले.

"ते तुमच्या ध्यानात हाय?"

"बिलकुल हाय."

नंदाबाई सावकाश खुर्चीवर बसल्या. मिस्त्रींनी कौसाबाईंकडून आणलेली शेंगदाण्यांची पुडी त्यांच्या हातात दिली. दाणे वाटीत ओतून त्यांनी कागद मांडीवर सरळ केला, सुरकुत्या तळव्याने मोडल्या आणि चष्मा पुसला.

"माझ्या जागंवर कोन उभं होतं?" कागदावरून नजर न काढता त्यांनी विचारलं.

"मीच."

"जरा बुंध्याला लागून उभं ऱ्हात जा," नंदाबाई म्हणाल्या. "तिथं ऊन लागत न्हाई."