पाटाकाठची धाव

पाहुणघरी उतरलेल्यांना व्यायामाला पळायच्या वाटा सांगाव्यात तर मेना त्सेनक्लुसननेच. सकाळी कॉफी ओतता ओतता ती सांगायची, "आमच्या फाटकापासून पाटाची कड धरा आणि सोडू नका. पाणी समोरून येत राहील, चढ कळणारसुद्धा नाही. लार्चच्या झाडीतून बाहेर पडलात की रोन नदी तुमच्या पायाखाली, आणि नदीपलीकडे बर्फाची सगळी रांग. पुढे कड्यात लाकडी फळी लागेल, तिथे मात्र पळायचं नाही. तिथे चालायचं, आणि तेही तोंड मिटून." पाहुणे माना डोलवायचे, रंगीत बूट चढवायचे, आणि दोन तासांनी लालबुंद होऊन परत यायचे. "काय देखणी वाट आहे हो तुमची!" म्हणायचे.

वाट देखणी आहे हे मेनाला कळलं ते असं पाहुण्यांकडूनच. लहानपणापासून ती त्या वाटेने गेली ती कामाला. बापाचा डबा घेऊन, हरवलेली शेळी शोधत, नाहीतर दर वसंतात पाटातला गाळ उपसायला. देखावा बघायला मान वर केली असती तर पाठीत धपाटा बसला असता. आमच्याकडची ही तऱ्हाच आहे. जिथे घाम गाळला तिथे सौंदर्य बिंदर काही दिसत नाही, ते बाहेरच्यांनी येऊन दाखवावं लागतं.

पाट म्हणजे आमचा जीव. वरच्या हिमनदीचं पाणी कड्याकपारीतून गावाच्या कुरणांपर्यंत तोच आणतो. मेनाच्या पाहुणघराशी पाटावर एक छोटं चाक फिरतं, ते चाक लाकडी हातोडा उचलतं आणि फळीवर सोडतं. ठक्. ठक्. रात्रंदिवस. हातोडा वाजतोय तोवर पाणी येतंय. थांबला की समजायचं, वर कुठेतरी पाट फुटला, पाणी डोंगरावरून मोकळं सुटलं आणि आता कुणाचं तरी कुरण घेऊन खाली जाणार. मग ज्याला आधी ती शांतता ऐकू येईल त्याने कुदळ उचलायची आणि वर धावायचं. तू जा, मी जातो, असली चर्चा नाही.

ती शांतता इतकी वर्षं सगळ्यांच्या आधी ऐकली ती मेनाच्या भावाने. ओडिलो गावाचा पाटकरी. गेल्या शरदात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी बजावलं, चढ नाही, धावपळ नाही, सपाट जमिनीवर फिरा. आमच्या गावात सपाट जमीन म्हणजे जेवणाचं टेबल. पाटकऱ्याचं काम खालच्या वस्तीवरच्या एका तरण्या गड्याकडे गेलं, आणि ओडिलो आपल्या दारातल्या बाकावर बसला तो बसलाच. मेनाने डोळ्यांत तेल घालून त्याला राखलं. एकटा जीव, बायको नाही, पोर नाही. बहिणीने नाही करायचं तर कोणी? गोळ्या तिच्या हाताने, सूप तिच्या हाताने, आणि तो फाटकाकडे निघाला की, "कुठे? बस तिथे. गेलास तर मला तोंड दाखवू नकोस!" हेही तिच्याच तोंडाने.

ओडिलो बसायचा. समोरून पळणाऱ्यांना बघून फक्त म्हणायचा, "मागे लांडगा नाही, पुढे गाडी चुकत नाही. पळतात कशाला हे?"

त्या आठवड्यात झुरिकहून आलेले ल्युटॉल्फ नावाचे गृहस्थ मेनाकडे उतरले होते. विमा कंपनीतला माणूस, सभ्य, बोलायला मऊ. एका संध्याकाळी त्यांनी जपून विषय काढला.

"फ्राउ त्सेनक्लुसन, राग मानू नका. तो ठोका... तो रात्री बंद नाही का करता येत? मी इथे आल्यापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही."

"तो बंद झाला तर आमच्या डोळ्याला डोळा लागत नाही," मेना हसून म्हणाली. पण माणसाच्या डोळ्यांखाली खरंच काळं आलं होतं. तिला दया आली. एका रात्रीने काय आभाळ कोसळतंय? तिने स्वयंपाकघरातला लाकडी डाव घेतला आणि हातोड्याखाली पाचर मारली. ओडिलो गोळ्या घेऊन कधीच झोपला होता. पहाटे कुणी उठायच्या आत पाचर काढू, असं तिने ठरवलं.

ठरवलं खरं, पण सवयीचा ठोका नसल्याने म्हणा की दिवसभर दमल्याने म्हणा, मेनाला जाग आली तेव्हा खिडकीत उजाडलं होतं. ती चडफडत उठली, कॉफी केली आणि नेहमीप्रमाणे पहिला पेला घेऊन ओडिलोच्या दारात गेली. दार उघडं. अंथरूण रिकामं. मोबाइल टेबलावर, सकाळची गोळी मोबाइलशेजारी. आणि भिंतीला टेकवलेली कुदळ नाही.

मेनाच्या हातातला पेला खाली पडला. तिला काही कुणी सांगायला नको होतं. हातोडा थांबला, ओडिलोला शांतता ऐकू आली, आणि शिवून जोडलेलं हृदय घेऊन माणूस डोंगर चढायला लागला. भावाला मी मारलं, एका झुरिकवाल्याच्या झोपेपायी मारलं.

ती पाटाशी आली. पाणी काठोकाठ भरून चाललं होतं. क्षणभर तिला हायसं वाटलं. हे पाणी बघून तो इथूनच माघारी फिरला असेल. पण मग तो होता कुठे? पाटात पाणी असताना पाटकरी परत येत नाही, याचा अर्थ काय लावायचा? जो अर्थ सुचला तो मनातून झटकून मेना धावत सुटली.

अंगात अ‍ॅप्रन, पायात स्वयंपाकघरातले लाकडी तळाचे जोडे. पहिल्या वळणावरच जोड्यांनी साथ सोडली, तेव्हा ते फेकून ती नुसत्या मोज्यांवर पळू लागली. तरुणपणानंतर ती कधी धावली नव्हती. बटाट्याचं पोतं उचलणं वेगळं आणि स्वतःला उचलणं वेगळं. पाणी समोरून खळखळत येत होतं. चढ कळणारसुद्धा नाही म्हणे! कुठल्या गाढवाने सांगितलं हे पाहुण्यांना? लार्चच्या झाडीत तिच्या कुशीत कळ आली, छाती भात्यासारखी चालू लागली, आणि "ओडिलो!" अशी हाक मारली तर आवाजच फुटेना.

झाडीतून बाहेर पडल्यावर ती थांबली. थांबावंच लागलं. कमरेवर हात ठेवून, वाकून, श्वास गोळा करत तिने मान वर केली. ऊन नुकतंच पलीकडच्या बर्फावर उतरत होतं, एकेक शिखर उजळत होतं, आणि खाली नदी अजून सावलीत होती. मेनाने ते सगळं पाहिलं आणि तिला रडू कोसळलं. देवा, तिने मनात म्हटलं, ही सकाळ त्याला एवढीच मिळाली असेल तर निदान त्याने ही पाहिलेली असू दे. नाहीतर त्याला जिवंत ठेव. मग जन्मभर माझ्या डोक्यावर मिरे वाटू दे त्याला, मी हूं की चूं करणार नाही.

ती पुन्हा धावली, आणि कड्याचं वळण ओलांडताच तिला तो दिसला.

कड्यात पाट लाकडी पन्हळीतून जातो. पन्हळ लोखंडी खुंट्यांवर टांगलेली, आणि तिच्या कडेला एक फळी, पावलाला पुरेल एवढीच. त्या फळीवर ओडिलो पालथा पडला होता. मग मेनाला दिसलं, त्याचा एक हात खुंटीला घट्ट वेढलेला आहे, आणि दुसरा फळीखाली ताणलेला, कुदळीच्या दांड्यावर.

"ओडिलो!"

"ओरडू नको," तो मान न वळवता म्हणाला. "पाय धर माझे. आणि खाली बघू नको."

मेनाने खाली बघितलंच. कुदळीचं वाकडं पातं पाठीवरच्या एका पिशवीच्या पट्ट्यात अडकलं होतं, आणि पिशवीत, म्हणजे पिशवीला लटकून, ल्युटॉल्फ होते. एक पाय गवताच्या वीतभर कपारीवर, दुसरा विचित्र वाकडा. तोंड पांढरंफटक. त्याखाली काही नव्हतं, फक्त हवा आणि फार खाली नदी.

"चालायचं असं सांगितलं होतं ना तुम्हाला इथे!" मेनाच्या तोंडून निघून गेलं.

"हो," खालून बारीक आवाज आला. "चुकलं माझं."

"भांडण न्याहारीच्या वेळी करा," ओडिलो म्हणाला. "मेना, अ‍ॅप्रन काढ."

तिला लगेच उमगलं. जाड तागाचा अ‍ॅप्रन, आईच्या वेळचा, बैल बांधला तरी फाटायचा नाही. तिने तो पिळला, एक टोक खुंटीला बांधलं आणि दुसरं खाली सोडलं. ल्युटॉल्फनी ते मनगटाला गुंडाळलं. मग ओडिलोने कुदळ ओढली, मेनाने अ‍ॅप्रन ओढला, ल्युटॉल्फ एका पायाने वर रेटू लागले, आणि तिघंही एकमेकांना काय वाटेल ते बोलत होते. तो विमा कंपनीतला मऊ माणूस इतक्या घाणेरड्या शिव्या देऊ शकतो हे मेनाला तेव्हाच कळलं. शेवटी ते कोपरांवर फळीवर आले आणि पन्हळीच्या काठाला डोकं टेकवून तसेच पडून राहिले.

मोबाइल त्यांच्याच खिशात होता. मेनाने मदत मागवली. हेलिकॉप्टर येईपर्यंत ल्युटॉल्फ ओडिलोचा हात सोडेनात. "तुम्ही कसे आलात इतक्या सकाळी? मला पहिल्यांदाच छान झोप लागली म्हणून पहाटेच पळायला निघालो. मी हाका मारत होतो, वाटलं होतं कुणीच येणार नाही..."

"हातोडा थांबला होता," ओडिलो म्हणाला.

मेनाने मान खाली घातली. "मी थांबवला. यांना झोप लागावी म्हणून डाव अडकवला खाली. ओडिलो, सकाळी तुझं अंथरूण रिकामं बघितलं तेव्हा..."

ल्युटॉल्फनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग ओडिलोकडे. आणि ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडू लागले. मग हेलिकॉप्टर आलं, त्यांना दोरीने उचलून घेऊन गेलं, आणि कड्यात फक्त बहीणभाऊ आणि पाण्याचा आवाज राहिला. फळी ओलांडून दोघं पलीकडच्या गवतावर बसली.

"छातीत दुखतंय?" मेनाने विचारलं.

"हात दुखतोय. छाती गप्प आहे."

"पाणी भरून चाललेलं दिसलं ना तुला? पहिल्याच पावलाला दिसलं असणार. मग परत का फिरला नाहीस, मेल्या? मी काय काय मनात आणलं माहीत आहे?"

ओडिलोने गवताची काडी मोडली.

"दिसलं की. लगेच कळलं, कुणीतरी पाचर मारलीय. फिरायलाच हवं होतं. पण कुदळ हातात होती, बूट पायात होते, आणि तू झोपली होतीस. म्हटलं, एक वळण जाऊ. मग म्हटलं, झाडीपर्यंत. हिवाळाभर त्या बाकावर बसून मी ही वाट मनात चालत होतो मेना, दगड न् दगड. वाटायचं, आता ही आपली नाही. झाडीतून बाहेर आलो, तेव्हा पलीकडे ऊन यायचं होतं अजून. आणि मी थोडासा पळालो."

"पळालास?"

"थोडासा. मागे लांडगा नाही, पुढे गाडी नाही. उगीच. ज्याने पाचर मारली त्याचं देव भलं करो, असं मोठ्याने म्हणालो मी. तेवढ्यात त्या माणसाची हाक ऐकू आली."

एवढे महिने मेनाने त्याला जपलं ते कपाटातल्या काचेच्या भांड्यासारखं, पुसून, किल्ली लावून. त्याने कधी तक्रार केली नाही, आणि तिने कधी विचारलं नाही. तिने त्याचा सोललेला, सुजलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि खूप दिवसांनी, कुणाला दिसेल याची फिकीर न करता, देवाचे आभार मानले. तो जिवंत आहे म्हणून, आणि तो पळाला म्हणूनही.

"चल आता," ओडिलो उठत म्हणाला. "पाहुणे न्याहारीला खोळंबले असतील."

"पाव कापायला हात आहेत त्यांना." मेना जागची हलली नाही. वर, जिथून पाणी येत होतं तिकडे, ती बघत होती. "पाटाचं मुख इथून किती लांब?"

"दोन वळणं. तू आली आहेस की गाळ काढायला."

"गाळ काढायला आले, बघायला कधी नाही," मेना म्हणाली. मोज्यांची लक्तरं झाली होती. ती तिने ओढून काढली आणि अनवाणी पायांनी वाटेला लागली, गावाकडे नव्हे, वरच्या बाजूला. चार पावलांवर थांबून तिने मागे पाहिलं. "येतोस ना? की बोलावणं पाठवू?"

ओडिलोने कुदळ खांद्यावर टाकली.